कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखतात, बंद करावी का? दुसरे पर्याय कोणते?

मृण्मयी_स
नमस्कार मंडळी, थोडं मोठं झालंय पण वाचून सांगा प्लीज. आईला (वय ६३) मागच्या वर्षी अटॅक आला, स्टेंट टाकला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू आहे. आधी २० ची होती, चेकअपला एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११४ आलं म्हणून डॉक्टरांनी ४० ची केली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तिच्या दोन्ही मांड्या भरून यायला लागल्या. खुर्चीतून उठताना हाताने रेटा द्यावा लागतो, जिना चढताना मधेच थांबते, गुडघाही दुखतो म्हणते. आता तिने मनाशी पक्कं केलंय की ही गोळी बंदच करायची, आणि नात्यातला जो भेटतो तो तिला हेच सांगतोय की लिव्हर जातं, शुगर होते, विसरायला होतं. ती न सांगता बंद करेल याची मला खरंच भीती वाटते.

डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. तोवर काय बघून ठेवू आणि काय काय विचारू? या गोळीऐवजी दुसरं काही असतं का? आणि माझंही एलडीएल १६८ आलंय, मी ३८, बीपी शुगर काही नाही, मलाही आयुष्यभर हेच का?

हेमकांत
माझ्या काकांना अगदी हाच त्रास होता, त्यांनी स्टॅटिन सोडून रेड यीस्ट राईसच्या कॅप्सूल सुरू केल्या, नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही. आईंना ते देऊन बघा.

अक्षयवट
मृण्मयी ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण या गोळ्या वर्षानुवर्षं हाताळतोय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे स्टेंट टाकून वर्षच झालेल्या माणसाने स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. बंद करावीच लागली तर डॉक्टर ठराविक आठवड्यांसाठी, परत कधी बघायचं ते ठरवून बंद करतात. फोन करून आजच विचारा, पुढच्या आठवड्याची वाट कशाला.

दुसरं, तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकून मला ते गोळीचं असू शकतं असं वाटतंय. स्टॅटिनचं दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत येतं, म्हणजे मांड्या, कंबरेखालचा भाग, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत येतं आणि बंद केली की काही आठवड्यांत उतरतं. एकाच गुडघ्यात, एकाच खांद्यात, बोटांत दुखणं किंवा मुंग्या येणं हे सहसा याचं नसतं. तेव्हा आईंचा गुडघा वेगळा धरा आणि मांड्या वेगळ्या धरा, दोन्ही एकाच खात्यात टाकलं की डॉक्टरांचाही गोंधळ होतो.

आता या गोष्टी लिहून काढा:
सीपीके ही स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी (काही लॅबमध्ये सीके म्हणतात) कधी केली होती का. जोराचा व्यायाम केल्यावर लगेच करू नका, आकडा उगाच वर येतो.
टीएसएच (थायरॉईडची तपासणी) कधी केलं होतं. थायरॉईड कमी काम करत असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात, वर स्टॅटिनचा त्रास व्हायची शक्यताही वाढते. ही तपासणी राहून गेलेली मी फार वेळा बघितलीय.
मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक किंवा फंगसची गोळी घेतली का. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल ही औषधं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि त्याहून जास्त सिम्वास्टॅटिनचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या बीपी आणि हृदयाच्या गोळ्याही थोड्याफार तेच करतात. ग्रेपफ्रूटचा रस भरपूर पीत असाल तर तोही.
आणि गोळी सुरू करण्याआधीचं, अगदी जुनं एलडीएल किती होतं. हे शोधाच, कारण मग सांगतो.

हेमकांतजी, रेड यीस्ट राईसबद्दल सविस्तर लिहितो थोड्या वेळात, ते लिहायलाच हवं.

आबा_वाचतात
माझं वय ७२, माझा अनुभव सांगतो म्हणजे कोणाला उपयोग होईल. मी रोसुव्हास्टॅटिनवर अनेक वर्षं ठणठणीत होतो. मग ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वाढली म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे त्यासाठी जेमफायब्रोझिल हे औषध जोडून दिलं. अंग दुखायला लागलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दोनदा सांगितलं, वयोमानाने होतं असं उत्तर मिळालं. मग एक दिवस लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि उभं राहताना पाय लटपटले. मुलाने तडक इमर्जन्सीत नेलं, सीपीकेचा आकडा हजारांत होता, सलाईन लावून किडनी वाचली. दुसऱ्या औषधामुळे स्टॅटिनचं प्रमाण वाढलं होतं असं नंतर कळलं.

मृण्मयी, आईला एवढंच सांग बाळा, की लघवीचा रंग बदलला, फार अशक्तपणा आला, ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

अक्षयवट
आबा, बरं झालं लिहिलंत. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, स्नायू तुटून त्यातलं प्रोटीन किडनीत अडकतं. लाखभर लोकांनी वर्षभर गोळी घेतली तर मोजक्या दोन-तीन जणांना होतं इतकं ते विरळ आहे, पण झालं तर जिवावर बेततं, म्हणून खूण लक्षात ठेवायची. आणि नेमकी ही जोडी, स्टॅटिन अधिक जेमफायब्रोझिल, ही कुप्रसिद्ध आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं, त्यातल्या अनेक मृत्यूंमध्ये जेमफायब्रोझिल सोबत चालू होतं. स्टॅटिनसोबत फायब्रेट, म्हणजे जेमफायब्रोझिलच्या गटातलं औषध, द्यायचीच वेळ आली तर फेनोफायब्रेट निवडतात.

शंतनू_प
सगळ्यांचा त्रास खरा आहे हे मान्य करूनच लिहितोय. सॅमसन नावाची एक चाचणी झाली होती लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये, निकाल २०२० मध्ये आला, मला ती फार विचार करायला लावणारी वाटली. त्यांनी ६० माणसं घेतली, सगळी अशी की ज्यांनी साईड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडलेलं. प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या दिल्या, चार बाटल्यांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २०, चार बाटल्यांत तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली ते आळीपाळीने, आणि रोज फोनवर त्रासाला ० ते १०० मध्ये मार्क द्यायचे. रिकाम्या महिन्यांची सरासरी आली ८, स्टॅटिनच्या महिन्यांची १६.३ आणि बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांची १५.४. म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास दुपटीने वाढला हे खरंच, पण त्यातला बहुतेक सगळा त्रास नुसती गोळी घेतल्यानेही होत होता. आपापले आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

सुमेधा_
शंतनू, माफ करा पण म्हणजे आमचं दुखणं मनाचे खेळ? मला हेच ऐकवलं गेलंय आणि फार वाईट वाटतं.

शंतनू_प
नाही ताई, अजिबात नाही. दुखत होतं, मार्क दिलेत ना त्यांनी. प्रश्न एवढाच की दुखणं कशाने आलं, गोळीतल्या औषधाने, की गोळी घेतोय आणि आता दुखेल या धास्तीने, की त्या वयात तसंही दुखलं असतं. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९ मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशोब आला, सव्वा लाखाच्या आसपास माणसं, त्यात स्टॅटिनवाल्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखतात किंवा अशक्त वाटतात असं सांगितलं आणि बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. दर चौघातल्या एकाला स्नायू दुखतच होते! जो जास्तीचा त्रास होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात.

म्हणून एखाद्याला खरंच औषधानेच होतंय का हे बघायचा रस्ता एकच, डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवा, कमी होतं का बघा, परत द्या, परत येतं का बघा. आबांसारखं ज्यांना भयंकर झालंय त्यांच्यावर हा प्रयोग करायचा नाही हे उघड आहे.

सुमेधा_
ठीक, आता समजलं. माझ्यावर हे कोणी केलंच नाही, नुसतं डोक्यातलं आहे म्हणून सोडून दिलं. नवीन डॉक्टरांनी मात्र रोसुव्हास्टॅटिन ५ एक दिवसाआड सुरू केलं आणि मला काहीही त्रास नाही.

अक्षयवट
सुमेधाताई, एक दिवसाआड चालतं त्याला कारण आहे, रोसुव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तातून हळू उतरतात, त्यामुळे मधला दिवस रिकामा गेला तरी बराच परिणाम टिकतो. सिम्वास्टॅटिनला हे जमत नाही, ते लवकर संपतं, म्हणूनच रात्री घ्यायला सांगतात.

आता रेड यीस्ट राईस. अकिरा एंडो नावाचे जपानी शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७०च्या सुमारास हजारो बुरशा चाळल्या, कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम रोखणारी एखादी बुरशी सापडते का म्हणून, आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून त्यांना पहिला स्टॅटिन मिळाला. त्यानंतर लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालेलं, तेही बुरशीतलंच. तांदळावर वाढवलेल्या लाल बुरशीत मोनॅकोलिन के नावाचं जे द्रव्य असतं ते आणि लोव्हास्टॅटिन हा एकच रेणू आहे. त्यामुळे काकांनी स्टॅटिन सोडलेलं नाही, किती मिलीग्रॅम ते माहीत नसलेलं स्टॅटिन सुरू केलंय. एका बाटलीत भरपूर, दुसरीत जवळजवळ नाही, असं होतं. शिवाय नीट बनवलं नसेल तर सिट्रिनिन नावाचं किडनीला घातक विष त्यात राहू शकतं. जपानमध्ये २०२४ मध्ये रेड यीस्ट राईसच्या पूरक गोळ्या घेऊन बऱ्याच लोकांच्या किडन्या बिघडल्या, माल परत बोलवावा लागला. युरोपीय संघाने तर २०२२ पासून रोजच्या डोसात मोनॅकोलिन ३ मिलीग्रॅमच्या खालीच असावं असा नियम केलाय. काकांना सांगा, डॉक्टरांना हे घेतोय म्हणून कळवा, आणि वर दुसरं स्टॅटिन कोणी लिहून दिलं तर दोन्ही एकत्र घेऊ नका.

हेमकांत
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आजच फोन करतो त्यांना. मग लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल यातलं काही?

शंतनू_प
यावर समोरासमोर चाचणी झालीय, स्पोर्ट नाव, २०२२. रोसुव्हास्टॅटिनचा सगळ्यात छोटा ५ चा डोस एका गटाला आणि बाकी गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतलं एक द्रव्य), रेड यीस्ट राईस, आणि एक गट बिनऔषधाचा. २८ दिवसांत रोसुव्हास्टॅटिनवाल्यांचं एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी सहापैकी एकानेही बिनऔषधाच्या गोळीपेक्षा लक्षात येईल असा फरक दाखवला नाही.

पण याचा अर्थ खाण्यापिण्याने काहीच होत नाही असा नका घेऊ. विद्राव्य फायबर, म्हणजे ओट्स, कडधान्यं, इसबगोल यातलं, रोज ५ ते १० ग्रॅम गेलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. तूप, लोणी, साय, पामतेल, नारळतेल या सगळ्यांतलं सॅच्युरेटेड फॅट कमी करून जागी बियांची तेलं, सुकामेवा आणला तर अजून उतरतं. टोरंटोच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे सगळं एकत्र करून बघितलं, फायबर, सोया, बदाम, प्लांट स्टेरॉल, आणि महिनाभरात एलडीएल २८ टक्क्यांच्या वर उतरलं, लोव्हास्टॅटिन २० च्या जवळपास. पण तिथे जेवण पूर्ण बेतून दिलेलं होतं. घरी लोक स्वतःहून करतात तेव्हा त्याच्या निम्मंच पदरात पडतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मृण्मयीच्या आईसारख्यांना हे गोळीच्या जोडीला हवं, गोळीच्या बदल्यात पुरणार नाही.

कोएन्झाइम क्यू१० (शरीरातच बनणारं एक द्रव्य, गोळ्यांतही मिळतं) बद्दल कोणी विचारायच्या आधीच लिहितो, स्टॅटिनने ते कमी होतं हे खरं, पण वरून दिल्याने दुखणं थांबतं याचे पुरावे उलटसुलट आहेत. नुकसान फारसं नाही, भरवसाही ठेवता येत नाही.

सरळमार्गी
मला एक प्रामाणिक शंका आहे. हा सगळा औषध कंपन्यांचा पसारा नाही का? निरोगी माणसाला आयुष्यभर गोळी, म्हणजे आयुष्यभर गिऱ्हाईक. १०० जणांना गोळी दिली तर किती जणांचा अटॅक टळतो हे कोणी सांगत नाही, ३० टक्के कमी, ४० टक्के कमी असंच सांगतात.

अक्षयवट
शंका योग्य आहे आणि आकडा मागायलाच हवा. ऑक्सफर्डच्या लोकांनी २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये हिशोब मांडला होता. १०,००० माणसं, ५ वर्षं, आणि एलडीएल साधारण ७७ ने उतरलं असं धरा. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यात १,००० जणांचा अटॅक, पक्षाघात, बायपास यातलं काहीतरी टळतं. ज्यांना अजून काही झालेलं नाही पण धोका जास्त आहे त्यांच्यात ५००. दुसऱ्या बाजूला त्याच १०,००० मध्ये ५ जणांना स्नायूंचा गंभीर विकार, ५० ते १०० जणांना नव्याने डायबेटिस, आणि ५ ते १० जणांना मेंदूत रक्तस्राव. आता तुम्हीच बघा, मृण्मयीच्या आईसाठी हा हिशोब सरळ आहे. तिशीतल्या, बीपी शुगर सिगारेट काही नसलेल्या माणसासाठी तो इतका सरळ नाही, तिथे तुमचा प्रश्न अगदी रास्त ठरतो.

कंपन्यांचं म्हणाल तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं पेटंट अमेरिकेत २०११ मध्येच संपलं, आता ती कोणीही बनवतं. नवी महाग औषधं विकायची असतील तर उलट जुनी स्टॅटिन लोकांनी सोडलेलीच त्यांना बरी.

मृण्मयी_स
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनी लगेच तपासण्या करायला सांगितल्या. टीएसएच ठीक आहे, सीपीके वरच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट, लिव्हरचे आकडे नॉर्मल. अँटिबायोटिक वगैरे काही घेतलेलं नाही. त्यांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन काही आठवडे थांबवायला सांगितलंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र अजिबात थांबवायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. दोन आठवड्यांनी आता मांड्या बऱ्याच हलक्या आहेत, गुडघा जसाच्या तसा.

आई म्हणते बघ, मी म्हणत होते ना. आता पुढे काय देतील?

आणि अक्षयवट, जुना रिपोर्ट सापडला. अटॅकच्या दोन वर्षं आधीचं एलडीएल १९८. आणि आईच्या सख्ख्या भावाला, माझ्या मामाला, ४६ व्या वर्षी अटॅक आला होता. हे महत्त्वाचं आहे का?

अक्षयवट
फार महत्त्वाचं आहे, त्यावर शेवटी येतो. आधी आईंच्या गोळीचं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते, स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल अजून जेमतेम ६ टक्क्यांनी उतरतं. बहुतेक काम पहिल्या छोट्या डोसातच होऊन जातं, त्रास मात्र डोसाबरोबर वाढत जातो. म्हणून २० ची ४० करण्यापेक्षा छोट्या डोसाला एझेटिमाईब १० जोडणं पुष्कळदा जास्त फायद्याचं. एझेटिमाईब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याची वाट अडवतं, एलडीएल १८-२० टक्के उतरवतं, स्नायूंना सहसा त्रास देत नाही. २०२२ मध्ये कोरियात ३,७८० हृदयरुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन २०, निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन १० अधिक एझेटिमाईब. तीन वर्षांत अटॅक वगैरेचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, पण सोसवत नाही म्हणून गोळी सोडणारे किंवा कमी करणारे पहिल्या गटात ८.२ टक्के आणि दुसऱ्यात ४.८.

छोटा डोसही सोसला नाही तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. मला हे औषध बनवण्यामागची कल्पना आवडते. कोलेस्टेरॉल बनण्याच्या ज्या साखळीत स्टॅटिन अडथळा आणतं त्याच साखळीत हे थोडं आधी अडवतं, पण ते पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं आणि त्याला जागं करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये आहे, स्नायूंमध्ये नाही. म्हणून स्नायूंना त्याची झळ फारशी पोचत नाही. २०२३ मध्ये स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४,००० लोकांवरचा निकाल आला, हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी. याचे स्वतःचे तोटे आहेत, युरिक अ‍ॅसिड वाढतं, गाऊट (सांध्यांचं दुखणं) आणि पित्ताशयाचे खडे थोडे जास्त होतात. ज्यांना आधीच गाऊट आहे त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्यापुढची पायरी इंजेक्शनं. इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब २०१५ पासून आहेत, दर दोन आठवड्यांनी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली स्वतः टोचून घ्यायचं, एलडीएल ६० टक्क्यांच्या आसपास उतरतं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल उचलणारे रिसेप्टर असतात, पीसीएसके९ नावाचं प्रोटीन ते नष्ट करतं, हे इंजेक्शन त्या प्रोटीनलाच धरतं. इन्क्लिसिरॅन ते प्रोटीन बनूच देत नाही, ते पहिलं इंजेक्शन, मग तीन महिन्यांनी, मग सहा-सहा महिन्यांनी. महाग आहेत, त्यामुळे बाकी सगळं करून झाल्यावरच येतात.

नायसिन (व्हिटॅमिन बी३) कोणी सुचवलं तर नको म्हणा, स्टॅटिनला जोडून मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढले.

मीनल_आणि_मी
मला शुगरचं विचारायचं होतं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आहे आणि स्टॅटिन लिहून दिलीय. घेऊ की नको असं झालंय.

शंतनू_प
मीनल, स्टॅटिनने डायबेटिसची शक्यता थोडी वाढते हे खरं आहे, १३ चाचण्यांच्या एकत्र हिशोबात २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा डायबेटिस झाला. आणि तो मुख्यतः तुमच्यासारख्या काठावरच्या लोकांनाच होतो, म्हणजे जो पुढे व्हायचाच असतो तो थोडा आधी येतो. पण डायबेटिसची भीती आपल्याला वाटते ती मुख्यतः हृदयामुळेच ना, आणि ते तर ही गोळी सांभाळते. घ्या, वजन आणि चालणं यावर लक्ष ठेवा, एचबीए१सी ठरल्याप्रमाणे करत राहा. लिव्हरचं म्हणाल तर आकडे थोडे वर जाणं होतं, खरी इजा फारच विरळ, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये दर काही महिन्यांनी लिव्हर तपासायची अट काढूनच टाकली, सुरुवातीला एकदा आणि लक्षणं दिसली तर करायची. गोळी सुरू असताना विसरभोळेपणा वाटल्याचे लोकांचे अनुभव आहेत, पण मोठ्या चाचण्यांत स्मरणशक्तीवर असा परिणाम दिसलेला नाही.

मृण्मयी_स
अपडेट देते. आईला आधी रोसुव्हास्टॅटिन ५ आणि एझेटिमाईब दिलं, सोसलं, मग १० केलं. मांड्या ठीक आहेत. जिना न थांबता चढते, गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, झीज आहे. आता एलडीएल ८४ आलंय. डॉक्टर म्हणाले अटॅक येऊन गेलेल्यांना ५५ च्या खाली आणायचं असतं, अजून थोडे आठवडे बघू, मग बेम्पेडोइक नाहीतर इंजेक्शन. इंजेक्शन सहा महिन्यांनी एकदा असेल तर मला चालेल, रोज गोळ्या मोजायला नकोत असं आईच म्हणाली, त्यामुळे ती आता ऐकण्याच्या मनःस्थितीत आहे हेच मला खूप आहे.

अक्षयवट, १९८ आणि मामाचं राहिलं.

अक्षयवट
छान! हो, ते लिहितो. औषधाशिवाय एलडीएल १९० च्या वर आणि घरात पुरुषाला ५५ च्या आत अटॅक, या दोन गोष्टी एकत्र आल्या की फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलचा, विचार करावाच लागतो. एलडीएल उचलणारे रिसेप्टर जन्मापासूनच कमी असतात. हे दिसतं त्यापेक्षा खूप जास्त आहे, साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला, आणि बहुतेकांना माहीतच नसतं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के.

म्हणजे तुमचं १६८ हे निव्वळ तुमचं वय आणि बीपी बघून ठरवायचं नाही. धोका मोजायचे जे कॅल्क्युलेटर असतात ते अशा घराण्यांसाठी बनवलेलेच नाहीत, त्यांत तुमचा धोका खोटा कमी येईल. डॉक्टरांना आईचा जुना रिपोर्ट आणि मामांची हकीकत दाखवा. सोबत लिपोप्रोटीन ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या, तो आकडा आनुवंशिक असतो, खाण्यापिण्याने हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही, पण धोका वाढवतो. जेनेटिक टेस्टचंही विचारा. आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही आधीच सांगा, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

मृण्मयी_स
मला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिचं पण बघायचं का? इतक्या लहान वयात काय उपयोग?

शंतनू_प
यावर नेदरलँड्सचा एक अभ्यास आहे, तो वाचून मला तरी शंका उरली नाही. हा आजार असलेल्या २१४ मुलांना त्यांनी लहानपणीच प्राव्हास्टॅटिन सुरू केलं आणि २० वर्षांनी परत गाठलं, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ३९ व्या वर्षापर्यंत त्या मुलांपैकी १ टक्क्याला हृदयाचा काही त्रास झाला होता. त्यांच्याच आजार असलेल्या आई-वडिलांत, ज्यांच्या लहानपणी स्टॅटिन नव्हतीच, त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना झाला होता. तिची साधी लिपिड प्रोफाईल करायची आहे, बाकी काही नाही. आधी तुमचं आणि आईचं निदान होऊ दे, मग तिच्या डॉक्टरांना विचारा.

मृण्मयी_स
करते. मामाची दोन्ही मुलं पस्तिशीच्या आतली आहेत, त्यांनी आजवर कोलेस्टेरॉल तपासलेलंच नाही, त्यांना आजच हा धागा पाठवते.